बाहुलीचं आजारपण

दुपारची जेवणं उरकली की आमचा मुलांचा वॉर्ड एकदम गप्प व्हायचा. बाहेर सदाशिव पेठेतली दुकानंही तेव्हा शटर ओढून झोपलेली असायची. नळाचं पाणी बादलीत पडतंय, वरचा पंखा मधूनच कुरकुरतोय, एवढंच ऐकू यायचं. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि त्या शांततेची मला भीती वाटायची. सकाळी पंचवीस-तीस मुलं गळा काढून रडत असली तर वाटायची नाही, पण दुपारी वाटायची.

ही भीती आमच्या मॅडमनीच घातली होती. मुलांची शुश्रूषा हा विषय त्या शिकवायच्या. पुण्याच्या, बारीक अंगाच्या, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण हसावं की रडावं ते कळू नये. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा मुलींना वॉर्डच्या दारात उभं केलं आणि आत जाऊ दिलं नाही.

"इथूनच बघा," त्या म्हणाल्या. "जे मूल रडतंय त्याच्याकडे सावकाश गेलात तरी चालेल. रडण्याइतका दम आहे त्याच्यात. गप्प बसलंय त्याच्याकडे आधी जायचं. आणि जाताना गोड हसू नका. तुम्ही हातात सुई घेऊन हसता हे मुलांना पाठ असतं."

मी यवतमाळकडची. नर्सिंगसाठी पुण्याला आले तेव्हा आमच्या भागातली सगळीच पोरं पुण्याला यायला लागली होती, पण कॉम्प्युटर शिकायला. मी जिथे कॉट बेसिसवर राहत होते त्या खोलीतल्या बाकी दोघीही कॉम्प्युटरच्या क्लासला जायच्या. त्या काळात पेठेत दोन खांबांच्या मध्ये जागा दिसली की कुणीतरी तिथे क्लासची पाटी लावायचं. कुणाचा तरी भाऊ अमेरिकेला गेला, कुणाच्या तरी जावयाला हैदराबादहून बोलावणं आलं, याच गप्पा. त्या दोघी मला म्हणायच्या, "तू एवढ्या लांब लोकांची पोरं सांभाळायला आलीस?" मी काही बोलायची नाही. बोलले की माझं 'काऊन' आणि 'येऊन राहिली' बाहेर पडायचं आणि मग सगळ्या हसायच्या.

पावसाळा संपता संपता खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी आली. पाच वर्षांची असेल. बिबवेवाडीच्या नव्या फ्लॅटमधलं कुटुंब. वडील सॉफ्टवेअरमधले, कंपनीने त्यांना अमेरिकेला पाठवलेलं. घरी आई, आजी आणि ही. मुलीला मधूनच घाम फुटायचा, ती मलूल व्हायची, मान टाकायची. तपासलं की रक्तातली साखर अगदी खाली गेलेली असायची. सलाईनमधून साखर दिली की तासाभरात उठून बसायची आणि चित्रं काढायला कागद मागायची. मधल्या काळात तिला काहीच नसायचं. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी जेवढ्या तपासण्या तेव्हा पुण्यात होत होत्या तेवढ्या केल्या. कारण सापडत नव्हतं. पूर्वी आणखी दोन हॉस्पिटलांत ती राहून आली होती.

तिच्याबद्दल मला पहिल्यांदा जे विचित्र वाटलं ते तिच्या हातात होतं. मी ट्रे घेऊन खाटेपाशी गेले की ती चित्र काढणं थांबवायची, डाव्या हाताची बाही स्वतःच वर करायची आणि हात पुढे धरायची. तोंड खिडकीकडे. सुई आत जाताना तिचा श्वाससुद्धा हलायचा नाही. बाकीच्या आया आपल्या पोरांना सांगायच्या, "बघ, ती ताई कशी शहाणी आहे." मला मात्र तो पुढे आलेला हात बघवायचा नाही. मोठी माणसं बसच्या कंडक्टरसमोर पैसे धरतात तसा तो हात यायचा.

आणि तिची आई. ती मला फार आवडायची, हे आधीच सांगायला हवं. अठ्ठावीस-तीस वर्षांची, नीटनेटकी, कायम इस्त्रीचे कपडे. वॉर्डातल्या बाकीच्या बायका थकून, केस विस्कटून, कुठेही मान टेकवून झोपलेल्या असायच्या. ही कधी झोपलेली दिसली नाही. माझ्या बोलण्याला न हसणारी पुण्यातली ती पहिली बाई. उलट म्हणायची, "अगं, छान वाटतं ऐकायला. आणखी बोल ना." घरून आजी रिक्षाने डबा घेऊन यायच्या, त्यातली पोळी-भाजी ती आधी माझ्यासाठी काढून ठेवायची.

तिला सगळं शिकायचं असायचं. नाडी कशी बघायची, ताप बघताना थर्मामीटर किती वेळ धरायचा, चादरीचे कोपरे कसे मुडपायचे, सलाईनचे थेंब कसे मोजायचे. मी परीक्षेसाठी पाठ करत असले की म्हणायची, "मला म्हणून दाखव, म्हणजे तुझंही पक्कं होईल." मी म्हणून दाखवायची. ती माझ्या तोंडाकडे बघायची नाही. माझ्या हातांकडे बघायची. कधी कधी वर बघितलं तर दिसायचं, की तिचेही हात मांडीवर तसेच हलताहेत.

थोड्या दिवसांनी ती पांढरे कपडे घालायला लागली. सुरुवातीला पांढरी ओढणी, मग पांढरा पंजाबी ड्रेस. केस माझ्यासारखे घट्ट मागे बांधून त्यावर जाळी. एकदा एका मुलाचे मामा गावाहून आले आणि तिलाच "सिस्टर, आमच्या पोराचं कसं आहे?" म्हणून विचारायला लागले. मी जवळच होते. मला वाटलं ती हसेल, सांगेल, मी इथली नाही म्हणून. तिने शांतपणे सांगितलं, "ताप उतरलाय. पाणी पाजत राहा." आणि त्यांनी हात जोडले.

एका दुपारी मी जेवून परत आले तर वॉर्ड नेहमीसारखा गप्प. आया पेंगुळलेल्या. ती मात्र पलीकडच्या रांगेत, दुसऱ्याच कुणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या पाळण्यापाशी उभी होती. बाळाचं मनगट तिने दोन बोटांत धरलं होतं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती. माझी चाहूल लागली तरी तिने हात काढला नाही. मोजून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "ठीक आहे." जसं काही मी तिला विचारलं होतं.

मी हे खोलीवर जाऊन सांगितलं तर त्या दोघी म्हणाल्या, "बिचारीचा नवरा तिकडे, तिला बाकी काय काम आहे?" मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हटलं तरी चालेल.

मुलगी बरी व्हायची. डॉक्टर म्हणायचे, उद्या-परवा घरी सोडू. आणि तिला पुन्हा घाम फुटायचा. हे इतक्यांदा झालं की आया आपसांत बोलायला लागल्या. पण त्यांचं बोलणं वेगळंच होतं. मुलीला त्रास होणार हे तिच्या आईला आधीच कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं होतं. मी स्वतः ऐकलं होतं. सकाळी मुलगी खाटेवर उड्या मारत होती, आणि आई तिच्या केसांतून कंगवा फिरवत मला म्हणाली, "आज मला लक्षण बरं दिसत नाहीये." दुपारी मुलीने मान टाकली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी स्वतःच्या मुलाला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "आईच्या जिवाला कळतं हो."

त्या दिवशी धावपळ झाली. डॉक्टर आले, मॅडम आल्या, मी सलाईन धरून उभी. सगळे मुलीकडे बघत होते. मी एकदाच मान वर करून आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तिचा चेहरा उजळलेला होता. घरात पाहुणे भरलेत, पंगत बसायची आहे, आणि सगळे आपल्यालाच हाका मारताहेत, अशा वेळी बाईचा चेहरा जसा दिसतो तसा. मी बघतेय हे लक्षात येताच तो चेहरा मिटला. मी पुन्हा सलाईनच्या थेंबांकडे बघायला लागले.

संध्याकाळी नर्सेसच्या टेबलावरचा फोन वाजला. अमेरिकेहून तिच्या नवऱ्याचा. एरवी त्यांचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, मुलगी आजारी पडली की रोज. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "तुम्ही काळजी करू नका हो," ती सांगत होती. "मी आहे ना इथे."

त्याच सुमारास मॅडमनी आम्हाला एक काम दिलं. प्रत्येकीने एका मुलाला निवडायचं आणि त्याच्याशी खेळायचं. अभ्यासक्रमात ते होतं, आजारी मुलांचं खेळणं. आम्हाला वाटलं, चला, हे तरी सोपं आहे.

"सोपं नाही," मॅडम म्हणाल्या. "मूल खेळेल, तुम्ही फक्त बसायचं. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, 'अगं असं नसतं करायचं' म्हणायचं नाही. जमेल का? पुणेकरांना जमत नाही म्हणून विचारते."

मी बँडेजची पट्टी गुंडाळून, कापूस भरून एक बाहुली केली. डोळे काजळाने काढले. एक चमचा, एक वाटी, सुई काढून टाकलेली सिरिंज, थोडी चिकटपट्टी असं सगळं ट्रेमध्ये घेतलं. खिडकीजवळच्या मुलीची आई त्या वेळी खाली आंघोळीला गेली होती. मी ट्रे खाटेवर ठेवला आणि स्टुलावर बसले.

बाकीच्या मुलांचं मी बघितलं होतं. सिरिंज मिळाली की ती बाहुलीला सटासट टोचायची, ओरडायची, "रडू नको, गप!" म्हणायची. एकाने तर बाहुलीचा हातच उपटला होता. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, राग बाहेर पडतो, असं आम्हाला शिकवलं होतं.

या मुलीने सिरिंजला हात लावला नाही. तिने बाहुलीला उशीला टेकवून बसवलं, केस नसलेल्या डोक्यावरून बोटं फिरवली. मग चमचा-वाटी घेऊन ती खाटेच्या पलीकडच्या बाजूला वळली. माझ्याकडे पाठ केली. लॉकरच्या पत्र्यावर चमच्याच्या मागच्या बाजूने काहीतरी चिरडायला लागली. तिथे काहीच नव्हतं. रिकाम्या पत्र्यावर चमचा घासल्याचा कर्र-कर्र आवाज. मग ते नसलेलं काहीतरी तिने बोटाने वाटीत लोटलं, ढवळलं, आणि दाराकडे बघितलं. कुणी येत नाही ना, अशी नजर.

मग ती बाहुलीपाशी आली, तिचे गाल दोन बोटांत दाबले आणि बोलली. आवाज तिचा नव्हता. तिच्या आईचा होता. तोच खालचा, मऊ सूर, तीच शब्द जरा ओढण्याची लकब.

"आ कर. मध आहे, मध. शहाणी गं माझी बाई."

तिने तीन-चार चमचे भरवले. ओढणी नसताना ओढणीने बाहुलीचं तोंड पुसलं. मग हात मांडीवर ठेवून ती सरळ बसून राहिली.

मला मध्ये बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "आता काय करायचं?"

"श्श," ती म्हणाली. "आता वाट बघायची."

ती खरंच वाट बघत होती. पाच वर्षांचं मूल इतका वेळ हलल्याशिवाय बसू शकतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पंखा कुरकुरत होता. मग तिने अलगद हात पुढे केला आणि एका बोटाने बाहुलीची मान कलंडवली. लगेच उठून उभी राहिली, दोन्ही हात गालांना लावले. "डॉक्टर! सिस्टर! या ना लवकर! बघा ना हिला काय होतंय!" हे सगळं ती ओरडल्यासारखं करत कुजबुजत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मी तिच्या आईच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. मग तिने मूठ कानाला लावली. "हॅलो. अहो, पुन्हा झालं हो तिला. तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना इथे."

मूठ खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. आवाज आता तिचा स्वतःचा, लहान मुलीचा झाला. "आता बाबा रोज फोन करतील," ती म्हणाली.

मी बाहुलीकडे बोट केलं. कसंबसं विचारलं, "बाहुलीला आवडतं का हे?"

तिने विचार केला. खरोखर विचार केला, भुवया आक्रसून. "बाहुलीला नाही आवडत. पण तिच्या आईला बरं वाटतं."

मी मान वळवली तर दारात तिची आई उभी होती. ओले केस टॉवेलमध्ये गुंडाळलेले, हातात साबणाची डबी. केव्हापासून उभी होती माहीत नाही. ती सावकाश आत आली, डबी लॉकरवर ठेवली, त्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला.

"काय खेळत होतात?" तिने विचारलं.

"असंच. डॉक्टर-डॉक्टर."

"कोण आजारी होतं?"

"बाहुली."

"बरी झाली का?"

तिने हे अगदी आपुलकीने विचारलं. मुलगीच म्हणाली, "झाली." आणि बाहुली उशीखाली सरकवली.

मी ट्रे उचलला आणि निघाले. पाय पळू बघत होते, पण पळायचं नाही एवढं कळत होतं. दारातून मागे बघितलं तेव्हा आई मुलीच्या खाटेवर बसून तिचे केस विंचरत होती आणि माझ्याकडे बघून हसली.

मॅडम ऑफिसात चहा घेत होत्या. मी धापा टाकत सुरुवात केली, "मॅडम, ती आई तिच्या पोरीला..." त्यांनी हात वर केला.

"बस. तुला काय वाटतं ते सांगू नकोस. काय दिसलं आणि काय ऐकलं तेवढंच सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. माझं सगळं वऱ्हाडी बाहेर पडलं, त्या हसल्या नाहीत. चहा तसाच थंड झाला. माझं झाल्यावर त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "लहान मुलं काहीही खेळतात. हे एवढ्यावरून काही म्हणता येणार नाही." मला वाटलं, संपलं. पण त्या उठल्या आणि पदर खोचून डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या. "चल. आणि तिथे गेल्यावरही हेच सांग, याच शब्दांत."

डॉक्टर पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "मागच्या वेळचं रक्त मी मुंबईला पाठवलंय," ते मॅडमना म्हणाले. "मधुमेहाच्या गोळीचा अंश सापडतो का बघायला. शंका होतीच हो. पण इतकी प्रेमळ बाई, तिच्याबद्दल असं मनात आणायचीसुद्धा लाज वाटत होती."

अहवाल यायला वेळ होता. तोवर मुलीला सांभाळायचं होतं. डॉक्टरांनी आईला सांगितलं, काही खास तपासण्या आहेत, त्या काळात घरच्या कुणीही जवळ राहायचं नाही, खाणंपिणं हॉस्पिटलचं. मला वाटलं ती भांडेल. तिने मान डोलावली, पिशवी भरली, मुलीच्या कपाळाचा मुका घेतला. जाताना माझ्यापाशी थांबली. "तिच्यावर लक्ष ठेव हं," म्हणाली. "तुझ्यावर माझा विश्वास आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीचा पडदा सरकवला आणि मागे सरले. समोरच्या फुटपाथवर, रिक्षा स्टँडच्या बाजूला ती उभी होती. पांढरा ड्रेस, केसांना जाळी. वर आमच्या खिडकीकडे बघत होती. मी जेवायला गेले तेव्हा तिथेच. परत आले तेव्हा तिथेच. ऊन डोक्यावर आलं, रिक्षावाले सावलीला सरकले, ती सरकली नाही. दिवसेंदिवस असं चाललं. संध्याकाळी अंधारायला लागलं की ती दिसेनाशी व्हायची, आणि सकाळी पडदा सरकवायच्या आधी मला ठाऊक असायचं की ती असणार. वॉर्डातल्या आया म्हणायच्या, "काय हो दुष्ट नियम तुमचे. ती माउली बघा." आम्ही कुणाला काही सांगू शकत नव्हतो.

मुलीने एकदाही खिडकीतून बघितलं नाही. पूर्वी ती खिडकीकडेच तोंड करून असायची. आता भिंतीकडे. मी विचारलं, "आई दिसते बघ, हात करायचा का?" तिने नको म्हणून मान हलवली. "ती मोजतेय," म्हणाली.

"काय मोजतेय?"

तिने स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

पण मुलीची साखर पुन्हा खाली गेली नाही. एकदाही नाही. तिच्या गालांवर रंग आला. वॉर्डभर फिरायला लागली. आणि एका सकाळी मी ट्रे घेऊन गेले तेव्हा तिने बाही वर केली नाही, हात पाठीमागे लपवला, आणि भोकाड पसरलं. मोठ्याने, लाथा झाडत, शेजारची मुलं जागी होतील असं. मॅडम दारातून बघत होत्या. माझ्याजवळ येऊन इतकंच म्हणाल्या, "चला, आलं एकदाचं रडू."

अहवाल आला. डॉक्टरांना जे वाटलं होतं तेच निघालं. त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. विमानाने मुंबई, तिथून टॅक्सीने ते थेट वॉर्डात आले, हातात मुलीसाठी घेतलेली भलीमोठी केसाळ बाहुली. डॉक्टरांच्या खोलीत ते आणि आजी बराच वेळ होते. मी बाहेर बाकावर मुलीला घेऊन बसले होते. दार उघडलं तेव्हा वडिलांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्यापाशी आले आणि मी काही विचारलं नसताना म्हणाले, "अहो, पण तीच तर सगळ्यात जास्त काळजी घेते हिची. तीच." मग तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

आजी मात्र रडत नव्हत्या. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "माझ्या साखरेच्या गोळ्या महिना संपायच्या आत संपत होत्या. मला वाटलं, मी घेतलेली विसरते नि परत घेते. मला वाटलं, माझंच डोकं चाललंय म्हातारपणी. सूनबाई म्हणायची, 'होतं हो असं आई, वयाने.' मी घाबरून कुणाला बोललेसुद्धा नाही." आणि त्यांनी नातीचा पाय हातात घेऊन तो चोळायला सुरुवात केली.

आईला त्यांनी वर बोलावलं तेव्हा मी समोर नव्हते. मॅडमनी मला मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर पाठवलं होतं. नंतर कळलं की ती चिडली नाही, नाकारलंही नाही. सगळं ऐकून घेऊन तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "म्हणजे आता ती आजारी नाही?" पोलिसांत द्यायचं की नाही यावर घरात आणि हॉस्पिटलात पुष्कळ चर्चा झाली असावी. शेवटी तिला माहेरी पाठवून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू करायचे आणि मुलीला तिच्याबरोबर एकटं कधीच सोडायचं नाही, असं ठरलं. ते बरोबर झालं की चूक, मला आजही सांगता येत नाही. मुलीचे वडील परत अमेरिकेला गेले नाहीत. पुढे हडपसरच्या बाजूला ज्या नव्या कंपन्या निघाल्या त्यांतल्या एकीत त्यांनी नोकरी धरली.

मुलीला घरी सोडायच्या दिवशी मी तिच्या पायात बूट घालत होते. ती केसाळ बाहुली तिने आजीकडे दिली होती. मला विचारलं, "आता मी आजारी नाही पडणार?"

"नाही पडणार."

"मग बाबा जातील?"

"नाही जाणार. ते इथेच राहणार आहेत."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मोठी माणसं सांगतात त्यातलं किती खरं मानायचं हे तिने स्वतःशीच ठरवलेलं आहे. मग बुटाचा बंद माझ्या हातातून काढून घेतला आणि आपला आपण बांधायचा प्रयत्न करायला लागली. मी मॅडमनी सांगितलं होतं तशी बसून राहिले.

मी नर्स झाले आणि मुलांमध्येच राहिले. सुरुवातीची एक-दोन वर्षं वाईट गेली. फार मायाळू आई दिसली की मी तिच्या हातांकडे बघायची, तिच्या पर्सकडे बघायची; त्या गोळ्या पर्समधूनच वॉर्डात आल्या होत्या. ते मॅडमच्या लक्षात आलं. "शंभर आयांवर संशय घेऊन नर्स होता येत नाही," त्यांनी सुनावलं. "दिसेल ते बघ. नसेल ते शोधू नकोस." हे जमायला मला खूप वेळ लागला, आणि अजूनही पूर्ण जमलंय असं नाही.

त्या मुलीच्या आईला मी त्यानंतर एकदाच भेटले. मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते, काही कागद द्यायला बाह्यरुग्ण विभागात गेले होते. मानसोपचाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती बसली होती. अंगाने भरलेली, केस मोकळे, गडद रंगाची साडी. मी ओळखलं नसतं. तिनेच हाक मारली, "सिस्टर." मग हसली. "आता तुला अगं कसं म्हणायचं?"

मला निघून जायचं होतं. पण मी तिच्या शेजारी बसले.

"तू शिकवलेलं सगळं मला अजून येतं," ती म्हणाली. "चादरीचे कोपरेसुद्धा." तिच्या मांडीवरचे हात हलत नव्हते. मी बघितलं.

"कशा आहात?" मी विचारलं.

"महिन्यातून एकदा भेटवतात तिला. सासूबाई असतात बरोबर. मोठी झालीय." मग म्हणाली, "मला घाबरते. घाबरू दे. बरं आहे ते तिच्यासाठी." हे ती दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलावं तसं सांगत होती.

आतून तिचा नंबर पुकारला. ती उठली, पदर सारखा केला, आणि हातातली पर्स माझ्यापुढे धरली. "जरा धरशील? आत न्यायची नाही असं मीच ठरवलंय."

मी पर्स घेतली. ती दार लोटून आत गेली. माझा राउंड सुरू व्हायला आला होता, लिफ्टपाशी कुणीतरी मला शोधत होतं. पर्स छोटी होती, तपकिरी, चेन अर्धवट उघडी. मी ती चेन आत न बघता ओढून लावली आणि मांडीवर धरून बसून राहिले.